‘द एक्स फॅक्टर’: गळा बदलला, पट्टी नाही बदलली

नाशिकच्या कॉलेज रोडवर आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे चार वेडे जमले की दुसरा रस्सा येईपर्यंत गाडी ब्लेझ बेलीवर घसरतेच. गायक ब्रूस डिकिन्सन 1993मध्ये बाहेर पडला, त्याच्या जागी वुल्फ्सबेन या बँडचा ब्लेझ आला. त्याच्या वाट्याला दोनच अल्बम आले: ‘द एक्स फॅक्टर’ (1995) आणि ‘व्हर्च्युअल इलेव्हन’ (1998). लोक दोन्ही एकाच तराजूत टाकतात आणि घोळ तिथेच होतो.

‘एक्स फॅक्टर’ चांगला आहे. काळोखा, जड, पण चांगला. ब्लेझचा गळा खर्जाकडचा. ‘साइन ऑफ द क्रॉस’ हे 11 मिनिटांचं गाणं मठातल्या पठणासारख्या समूहस्वरांनी उघडतं आणि त्याचा आवाज त्यात मुरतो. खोट दुसरीकडे आहे. 11 गाणी, 71 मिनिटं, आणि बरीच गाणी एकाच साच्यातली: हळू सुरुवात, पुटपुटणं, मग दणका. सहाव्या-सातव्या गाण्याला जांभई येते, खोटं कशाला बोला! त्यात बँडचा जुना निर्माता मार्टिन बर्च 1992च्या अल्बमनंतर निवृत्त झालेला. निर्मिती बँडचाच बास गिटारवादक स्टीव्ह हॅरिस आणि नायजेल ग्रीन यांची. ड्रम कोरडे ठणठणीत, गिटारी मागे, आणि गायकाचा आवाज कसलाही आडोसा न देता उघड्यावर ठेवलेला.

मुंबई नाक्यावर रिक्षात मोबाइलवर हा ऐकू नका. हलकी सुरुवात हॉर्नमध्ये बुडते, म्हणून आवाज वाढवावा तर मिनिटभरात कानठळ्या बसतात. कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या, इक्वलायझरवर 250 हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल उतरवा, 3 किलोहर्ट्झला दोन चढवा. गिटारी पुढे येतात.

मैफलीत ब्लेझ फसायचा, हे खरं. पण जुनी गाणी ब्रूसच्याच पट्टीत ठेवून त्याला गायला लावली. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या साध्या कार्यक्रमातही पेटीवाला आधी विचारतो, ‘पट्टी कुठली?’ काळी एकच्या गळ्याला काळी चारमध्ये ढकललं तर तान फाटणारच. दोष गळ्याचा कसा?

‘व्हर्च्युअल इलेव्हन’ची मात्र बाजू घेता येत नाही. ‘द एंजल अँड द गॅम्बलर’ जवळपास 10 मिनिटं चालतं आणि ध्रुवपदाची एकच ओळ वीसहून जास्त वेळा येते. ‘द क्लॅन्समन’ तेवढं ठेवा, बाकीचं राहू द्या.

वाद मिटवायचा असेल तर ‘रॉक इन रिओ’ हा लाइव्ह अल्बम लावा. जानेवारी 2001च्या त्या मैफलीत परतलेल्या ब्रूसने ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’ दोन्ही गायली आहेत. आधी ब्लेझचं मूळ ऐका, लगेच हे. ‘क्लॅन्समन’ ब्रूसच्या गळ्यात फुलतं, यात शंका नाही. ‘साइन ऑफ द क्रॉस’चे सुरुवातीचे शब्द मात्र ब्लेझकडेच जास्त अंगावर येतात.