गीता प्रवचने : १८ रविवारांचे वाचन

२०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत महाराष्ट्रातील दोन पक्ष फुटले आणि ती भेग आमच्या घरात जेवणाच्या पानांपर्यंत येऊन पोहोचली. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक संपली, तेव्हा दादा आणि मी केवळ आईच्या औषधांपुरते बोलत होतो. शेवटी आईनेच विनोबांची ‘गीता प्रवचने’ विकत आणली आणि दर रविवारी सकाळी दोघांनी मिळून एक प्रवचन मोठ्याने वाचायचे, अशी अट घातली.

हे पुस्तक तुरुंगात जन्मले. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक अशी १८ प्रवचने दिली आणि तेथेच कैदेत असलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यामुळे भाषा बोलती राहिली आहे आणि मोठ्याने वाचताना जीभ अडखळत नाही.

पहिल्याच प्रवचनात एका न्यायाधीशाची गोष्ट येते. शेकडो गुन्हेगारांना फाशी सुनावणाऱ्या या गृहस्थापुढे स्वतःचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो, तेव्हा फाशीची शिक्षा अमानुष असल्याचे त्याला अचानक उमगते. अर्जुनाला हिंसेचा वीट आला नव्हता, समोर स्वजन दिसले होते, असे विनोबा यातून दाखवतात. तेथे दादा वाचता वाचता थांबला, कारण समोरच्या पक्षातील पक्षांतराला गद्दारी आणि आपल्या पक्षातील पक्षांतराला धोरण म्हणण्याचा उद्योग आम्ही दोघेही दोन वर्षे इमानेइतबारे करत होतो.

चौथ्या प्रवचनातील विकर्माचे, म्हणजे बाहेरच्या कर्माला आतून मिळणाऱ्या मनाच्या जोडीचे विवेचन मला सर्वांत उपयोगी वाटले. मतदान आणि वाद यापलीकडे आपल्या हाती काही उरलेले नाही, या निराशेत मी होतो. आता दर शनिवारी वस्तीतील अभ्यासिकेत गणित शिकवायला जातो, आणि ती अभ्यासिका दादाच्या पक्षाची मंडळी चालवतात. सोळाव्यात दैवी गुणांच्या सैन्याच्या आघाडीला निर्भयता आणि पिछाडीला नम्रता उभी आहे. आम्हा दोघांची पिछाडी उघडी होती.

उणिवा आहेत. ही श्लोकवार टीका नसल्यामुळे मूळ अर्थ पडताळू पाहणाऱ्याची गैरसोय होते. शेजारी ‘गीताई’, म्हणजे विनोबांनीच केलेला गीतेचा मराठी पद्यानुवाद, ठेवावीच लागते. शिवाय आणीबाणीच्या संदर्भात विनोबांनी वापरलेल्या ‘अनुशासनपर्व’ (शिस्तीचा काळ) या शब्दामुळे विनोबांविषयी अढी असलेले वाचक आहेत, मीही त्यांतलाच. ती अढी या वाचनाने गेली नाही, पण १९३२ च्या या प्रवचनांच्या आड आली नाही.

वाचनानंतर आई दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची १९ पदे ‘गीताई’तून म्हणते आणि आम्ही मागून म्हणतो. पंडिती विवरण हवे असेल त्यांनी दुसरा ग्रंथ पाहावा. ज्या घरात बोलणे बंद पडले आहे, तेथे हे पुस्तक जरूर न्यावे, मात्र एकट्याने मनात वाचू नये.