सज्ज क्षेपणास्त्र की उतरवलेलं अण्वस्त्र?

अण्वस्त्रं ठेवायच्या दोन पद्धती. पहिलीत ती कायम डागायच्या तयारीत असतात, म्हणजे हल्ल्याचा इशारा मिळताच आदेश देता येतो. दुसरीत स्फोटकाग्र, म्हणजे टोकावरचा अणुबॉम्ब, क्षेपणास्त्रापासून वेगळं ठेवतात किंवा डागण्याची यंत्रणा अडवून ठेवतात.

पहिल्या पद्धतीत खरी अडचण वेळेची आहे. आंतरखंडीय क्षेपणास्त्राला पोहोचायला साधारण 30 मिनिटं लागतात. त्यातला बराच वेळ इशारा पडताळण्यात जातो आणि निर्णयाला उरतात मोजकी मिनिटं. यंत्रणा चुकते, हे सिद्ध झालेलं आहे. 9 नोव्हेंबर 1979 ला अमेरिकेच्या इशारा केंद्रात सरावाची माहिती खऱ्या हल्ल्यासारखी पडद्यावर उमटली. जून 1980 मध्ये एका सदोष चिपमुळे क्षेपणास्त्रांचे खोटे आकडे झळकले. 26 सप्टेंबर 1983 ला ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला सोव्हिएत उपग्रहाने प्रक्षेपण समजलं. ड्युटीवरचे सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो इशारा खोटा ठरवला. डागलेलं क्षेपणास्त्र परत बोलावता येत नाही.

दुसरी पद्धत तास-दिवसांची उसंत देते. 1991 मध्ये अमेरिकेने 450 मिनिटमन-2 क्षेपणास्त्रं सज्जतेतून काढली, तीही कुठल्या कराराची वाट न पाहता. तोटेही आहेत: पाणबुडीतली सज्जता बाहेरून तपासता येत नाही, आणि तणावात दोन्ही बाजू अस्त्रं पुन्हा जोडायला धावल्या तर तीच धावपळ युद्धाचं कारण ठरू शकते. तरीही आमची पसंती दुसरीलाच, कारण हा धोका निदान दिसतो तरी. खोटा इशारा कधी येईल, ते कुणालाच ठरवता येत नाही.