पोट्ट्याच्या गेममधल्या क्लासपायी ३८ हजार गेले, वाचून घ्या

मी घाटंजी तालुक्यातला, पोट्टा आठवीत. त्याला तो ठोकळ्यांचं जग बनवायचा गेम लय आवडते. गेममधीच एक 'सर' भेटले, म्हणे दर रविवारी फुकट क्लास, स्वतःचं जग बनवायला शिकवतो, लुआ नावाची कोडिंगची भाषा. आधी पालकांच्या परवानगीचा फॉर्म पाठवला, त्यात माझं नाव, मोबाईल नंबर. २०२३ च्या डेटा कायद्यात १८ च्या आतल्या पोरांसाठी तशी परवानगी सांगितलीच आहे, म्हणून मी उलट खूश, किती शिस्तीचा माणूस. पहिले दोन क्लास बाजूला बसून पाहिले अन खरं सांगतो, शिकवत चांगला होता.

तिसऱ्या रविवारी होमवर्क, आपलं गाव जसंच्या तसं बनवा. पोट्ट्यानं काय बनवलं हो! विहीर, बंडी, आज्याची बाज, ओसरीत कापसाची गंजी, दारावर माझ्या नावाची पाटी, शाळेचा बोर्डही. मीच बायकोला बोलावून दाखवलं. मग सर व्हॉइस चॅटवर विचारून राहिले, वा, कापूस अजून घरीच का? हा म्हणे नाही सर, सीसीआयले (सरकारी कापूस खरेदीले) देला, बाबाच्या खात्यात परवाच पैसे आले.

दोन दिवसांनी मला व्हॉट्सॲपवर मेसेज, पोट्ट्याचं नाव, शाळा सगळं बरोबर. सर्टिफिकेटसाठी हे ॲप टाका, १ रुपया कार्डवरून भरा. प्ले स्टोअरचं नव्हतं, एपीके फाइल होती, फोननं टोकलं पण, तरी मी दाबत गेलो, कार्डचा नंबर टाकला, मागचे तीन आकडेही, मेसेज वाचायची परमिशनही देऊन बसलो. रात्री जे ओटीपी आले ते त्या ॲपनंच वाचून तिकडे धाडले, मला एकही दिसला नाही. सकाळी हरभऱ्याचं औषध घ्यायला गेलो, दुकानात क्यूआर स्कॅन केला तर बॅलन्स नाही. दुकानदारासमोर तोंड कुठं लपवावं असं झालं.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला, ६ हजार होल्ड झाले, बाकीचे तोवर पुढच्या पुढच्या खात्यात गेलेले. 'सर' गेममधून गायब. पोट्टा दोन दिवस जेवला नाही, त्याला वाटे आपणच सांगितलं म्हणून गेले, अन मूर्खपणा तर माझा.

त्या क्लासमधी आपल्याच भागातले अजून पोट्टे होते, त्यांचे बाप लाजेपायी बोलत नाहीत म्हणून हे लिहून राहिलो. ते ॲप फोनमधी असेल तर पहिले नेट बंद करा, दुसऱ्याच्या फोनवरून १९३० लावा अन बँकेला सांगून कार्ड ब्लॉक करा, सकाळची वाट नका पाहू.