मुळाक्षरांच्या हस्तकलेचा डबा: पावसाळा ओलांडल्यानंतरचा अनुभव

चौदाशे रुपयांच्या आसपासचा हा डबा पाडव्याच्या सुमारास घेतला. लेक तेव्हा साडेतीनची होती, आता दसरा होऊन गेला. आम्ही ठाण्यात राहतो, शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे एबीसीडीचे कागद रोज दप्तरातून येतात. मराठी अक्षरं मात्र घरीच व्हायला हवीत आणि ती गिरवून गिरवून नकोत, एवढ्याच अपेक्षेने घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच घाटाचे आणखी डबे बाजारात मिळतात आणि पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

आत काय काय येतं? खरखरीत अक्षरांचे पुठ्ठे, दर अक्षराला एक चित्रकागद, आइसक्रीमच्या काड्या, कापूस, क्रेप कागद, चिकटवायचे हलते डोळे, डिंकाची बाटली आणि बोथट टोकाची कात्री. डब्यावर आयएसआयची खूण आहे. खेळण्यांना ती १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे, तरी रस्त्यावरच्या मालावर ती दिसेलच असं नाही, म्हणून बघून घ्या.

माझं मत आधीच सांगते. पैसे वसूल होतात ते पुठ्ठ्यांवर. चित्रकागद म्हणजे आईबापांचा गृहपाठ.

क कमळाचा घ्या. गुलाबी क्रेपच्या पाकळ्या चुरगाळायच्या, एकावर एक चिकटवायच्या, खाली हिरवं पान. दिसतं झकास. पण क बिचारा वरच्या कोपऱ्यात छापील बसलेला, त्याला मुलाचं बोटसुद्धा लागत नाही. पूर्ण झाल्यावर ‘हे काय गं?’ विचारलं की उत्तर येतं, ‘फूल!’ बरोबरच आहे तिचं. ह हरणाचा कागद तर आणखी कठीण: चार बारीक पाय आणि फाटे फुटलेली शिंगं कापायची. साडेतीनचं मूल कात्रीने फार तर कडेला कचाकच चिरा देतं, वळणावर कात्री फिरवणं बऱ्यापैकी नंतर जमतं. मग कापतं कोण, तर आई. तो कागद आमच्याकडे अजून अर्धवटच आहे. ऋ ऋषींचा मात्र हिट झाला, कापसाची दाढी लावायची म्हणून. दाढी संपली तरी अजून दाढी हवी होती. ऋ किती कळला ते विचारू नका.

पुठ्ठ्यांचं तसं नाही. पॉलिश पेपरसारखी खरखरीत अक्षरं ही माँटेसरी पद्धतीतली जुनी युक्ती. दोन बोटं अक्षराच्या वळणावरून फिरवायची आणि तोंडाने आवाज काढायचा. हात, कान, डोळा तिन्ही एकाच अक्षरात गुंततात. आम्ही पुढे त्याच पुठ्ठ्यांवर ट्रेसिंग पेपर ठेवून खडूने घासलं, तर अक्षर आपोआप उमटून वर आलं. लेक ओरडली, ‘आई, भूत!’ त्यानंतर आठवडाभर घरातल्या प्रत्येक कागदावर भुतं. नंतर पुठ्ठ्याभोवती पेन्सिल फिरवून मोठं अक्षर काढायचं आणि त्यात चिंचोके, मुगाचे दाणे, पिस्त्याची टरफलं, जे हाताशी असेल ते बसवायचं. चिंचोके सगळ्यात छान. बोटांत नीट धरता येतात आणि ग च्या गोलाईवर रांगेत बसतात. काना कुठे संपला हे तिचं तिलाच कळत होतं, कारण शेवटचा चिंचोका रेघेबाहेर जात होता.

हे काही नवं नाही म्हणा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांची बालवाडी चालवली ती बिया, पानं, खडे, शिंपले याच साधनांवर. महागडी माँटेसरी साधनं गावात कुठून आणणार, म्हणून शोधलेला तो मार्ग. आमच्या डब्यातले हलते डोळे पाहिल्यावर मला त्याची फार आठवण आली.

एक इशारा. सासूबाईंनी जुन्या डबीतल्या लालचुटूक गुंजा हौसेने काढून दिल्या. दिसायला सुंदर, पण गुंजेचं बी चावलं गेलं तर विषारी असतं. त्या तशाच परत डबीत, डबी माळ्यावर.

आता डब्यातला खरा दोष. शिरोरेषेसाठी दर अक्षराला एक आइसक्रीमची काडी दिली आहे, सगळ्या एकाच मापाच्या. मूल अक्षर लावतं आणि वर आडवी काडी चिकटवतं. ग, म, न ला ठीक. पण ध, भ, थ यांची रेघ वर तुटलेली असते, हे करणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही की काय कोण जाणे. अख्खी काडी बसली की ध चा घ होतो आणि भ चा म. पोरीने मन लावून भ केला आणि आजोबांनी ‘म, वा!’ म्हणून दाद दिली. ती रडकुंडीला आली. तेव्हापासून या तीन अक्षरांच्या काड्या आम्ही पकडीने तोडून अर्ध्या करतो.

दुसरा दोष ल आणि श चा. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरलेला आहे. पाठ्यपुस्तकात मुलांना तोच भेटणार. डब्यात मात्र हिंदी वळणाचे ल आणि श आहेत. मूळ साचा हिंदीचा असावा आणि ळ मागाहून घुसवला असावा असा माझा संशय, कारण ळ चा पुठ्ठा बाकीच्यांपेक्षा पातळ आहे! मी दोन्ही अक्षरं जाड पुठ्ठ्यावर कापून, वर डिंक लावून बारीक रवा भुरभुरवला. खरखरीतपणा जवळजवळ तसाच येतो.

त्याच शासन निर्णयातल्या स्वरांत ॲ आणि ऑ सुद्धा आहेत. डब्यात नाहीत. आजच्या पोरांना बॅट, बॉल, डॉक्टर पहिल्या दिवसापासून लागतात. त्यावर लेकीनेच उपाय काढला, आजीच्या चंद्रकोर टिकल्यांचं पाकीट पळवून. अ वर कोर लावली की ॲ, आ वर लावली की ऑ. गोल टिकली म्हणजे अनुस्वार. पंधरा रुपयांचं पाकीट, आणि अख्ख्या डब्यापेक्षा त्याचाच वापर जास्त.

सोबतच्या पुस्तिकेत अ पासून क्रमाने जायला सांगितलंय. ते सोडून द्या. अ आणि इ हातांना कठीण. ग, म, भ, न या क्रमाने गेलं तर एका उभ्या काठीवर एकेक वळण बदलत जातं. मग व, ब, क. मग र, स, ख. गावोगावच्या बालवाड्यांत असंच शिकवतात. लेकीला ‘गगन’ आणि ‘मन’ असे शब्द लवकर लावता आले, त्याचं अप्रूप वेगळंच. च बद्दलही जरा जपून: कागदावर चमचा आहे, पण चहातला च वेगळा. आम्ही च च्या पुठ्ठ्यामागे एक चमचा आणि एक कप, असं दोन्ही चिकटवलं.

जूननंतर हाल झाले. दमट हवेत डिंक वाळेना, क्रेपचा रंग बोटांना लागू लागला आणि दोन-तीन पुठ्ठ्यांची कड फुगून खरखर झडायला लागली. घरी मिठाच्या कणकेची अक्षरं करायला घेतली, तर मिठाला पाणी सुटून ध रात्रीत पसरट झाला. मैद्याची खळ उन्हाळ्यात उत्तम, पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी आंबट वास. त्या तीन महिन्यांत चाललं ते एकच, पितळी ताटात रवा पसरून बोटाने अक्षरं काढणं. आपल्याकडे मुलं धुळाक्षरं गिरवायची, त्यातलंच. चिकटवणं नाही, वाळवणं नाही, ताट हलवलं की पाटी कोरी. नंतर रवा चाळून मुंग्यांना घातला, उपमा केला नाही, हे सासूबाईंसाठी लिहितेय.

दसऱ्याला पाटीपूजनाची सरस्वती काढली, एकाचे आकडे जोडून. लेकीने त्याखाली न विचारता स काढला. शिरोरेषा जरा लांबली, बाजूच्या फुलापर्यंत गेली.

मागवायचाच असेल तर सवलतीत घ्या आणि आल्या आल्या पुठ्ठे मोजा. आमच्यात ठ नव्हता. तीन फोन आणि एका फोटोनंतर तो आला. भरतीचं सामान कंपनी वेगळं विकते, साडेतीनशेला. त्यात असलेलं सगळं कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे शंभर-सव्वाशेत मिळतं, हलते डोळे धरून.