पाळकांनी टॅब घ्यावा का? गॅलॅक्सी टॅब एस६ लाइट वापरून सांगतोय

सलाम सगळ्यांना. उपदेशासाठी, मंडळीच्या म्हणजे चर्चच्या कामासाठी टॅब घेण्यात अर्थ आहे का, की मोबाइलवरच भागतं, असं बरेच सेवक, म्हणजे आपले पाळक, विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्याकडे सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस६ लाइट आहे, वाय-फायवाला. मत आधीच सांगून टाकतो, ज्यांच्याकडे एकापेक्षा जास्त गावं आहेत आणि रविवारी एक उपासना आटोपून मोटरसायकलवर दुसरीकडे पळावं लागतं त्यांनी जरूर घ्यावा. एकाच चर्चमध्ये सेवा आहे, ऑफिसात कम्प्युटर आहे, उपदेश कागदावर लिहायची सवय आहे, तर घाई करू नका, त्या पैशात चर्चला चांगला माइक घ्या, मंडळीला त्याचा जास्त उपयोग होईल.

मी हाच घेतला तो पेनमुळे. पेन बॉक्समध्येच येतं, चार्ज करावं लागत नाही. आयपॅड उत्तम आहे यात वाद नाही, पण पेन्सिल वेगळी विकत घ्यावी लागते आणि आपल्या मानधनात ते जड जातं. सॅमसंगचाच टॅब ए९ प्लस स्वस्त पडतो, स्क्रीनही ११ इंची, पण त्याला हे पेन चालत नाही. आणि पेन नसेल तर माझ्या मते टॅब म्हणजे फक्त मोठा मोबाइल. मी उपदेश हातानेच लिहितो, स्क्रीनचे दोन भाग करायचे, डावीकडे बायबल, उजवीकडे सॅमसंग नोट्स, वचन वाचत वाचत मराठीत सरळ आपल्या अक्षरात लिहीत जायचं, टायपिंगची कटकट नाही. यूव्हर्जनच्या बायबल अ‍ॅपमध्ये बायबल सोसायटीचं मराठी भाषांतर आहे, फक्त एक करा, घरी असताना नेट बंद करून ते उघडतंय का ते बघून ठेवा, कारण वस्तीवर रेंज गेली की सगळं तिथेच अडतं.

पुलपिटवर, म्हणजे उपदेश देतो त्या जागी, याची १०.४ इंची स्क्रीन पुरते, पण ए४ साइजची पीडीएफ जशीच्या तशी उघडली तर अक्षर बारीक दिसतं, म्हणून नोट्स आधीच मोठ्या अक्षरात करायच्या. उपासनेआधी डू नॉट डिस्टर्ब लावायचं आणि स्क्रीन टाइमआउट सगळ्यात जास्त ठेवायचा, नाहीतर लांब प्रार्थना संपून डोळे उघडेपर्यंत स्क्रीन काळी झालेली असते आणि मंडळी आपल्याकडे बघत असते. बॅटरी ७०४० एमएएचची आहे, रविवार आरामात निघतो. जुन्या उपदेशांच्या फाइली मात्र तपासून घ्या, आपल्याकडे डीटीपीवाल्यांकडून जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेलं भरपूर असतं आणि ते टॅबवर उघडलं की मराठीच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं येतात, तर ज्या कम्प्युटरवर तो फॉण्ट आहे तिथूनच पीडीएफ करून आणायची.

घरभेटीला टॅब इतका कामाला येईल असं वाटलं नव्हतं. आमच्या मंडळीतल्या एक आजी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पुस्तकातलं अक्षर आता लागत नाही म्हणून वाचन सुटलेलं. त्यांना २३ वं स्तोत्र एकदम मोठं करून समोर धरलं. त्या सवयीने ओळीखाली बोट ठेवायच्या आणि बोट लागलं की पान सरकून जायचं, दोनदा तसं झालं. मग मी पेन काचेला न टेकवता वर नुसतं धरलं, तेव्हा स्क्रीनवर एक बारीक ठिपका दिसतो, तो एकेका ओळीखाली नेत गेलो आणि आजींनी अख्खं स्तोत्र स्वतः वाचलं, मोठ्याने, सुनेला हाक मारून जवळ बसवून. मोबाइलवर हे जमत नाही, एका ओळीत दोनच शब्द मावतात.

आता जिथे उपयोग नाही ते. गीतांचे शब्द पडद्यावर दाखवायला हा घेऊ नका, प्रोजेक्टरला किंवा टीव्हीला जोडायला वायरने एचडीएमआय निघतच नाही. टीव्हीवर वायरलेस जातं, पण भर उपासनेत त्याच्यावर विसंबून राहू नये. टाइप-सीवाला आयपॅड असेल, १० व्या पिढीचा वगैरे, तर अ‍ॅडॅप्टर लावून थेट प्रोजेक्टरला जोडता येतो, नाहीतर जुना लॅपटॉप बरा. मांडवातल्या किंवा उघड्यावरच्या सभेत दुपारच्या उन्हात काच चमकते, मॅट स्क्रीनगार्डने बराच फरक पडतो पण पूर्ण नाही, तिथे मी कागद नेतो. प्रभुभोजन आणि बाप्तिस्म्याच्या वेळी छापील पवित्र शास्त्रच हातात असावं असं माझं ठाम मत आहे, पाठीमागे बसलेल्या लेकराला पण कळलं पाहिजे की पाळकसाहेब काय वाचतायत.

रजिस्टरांचं म्हणाल तर लग्नाची नोंद १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे रजिस्टरातच होणार, वधूवर आणि साक्षीदारांच्या सह्यांनी, तिथे टॅबचं काम नाही. पण बाप्तिस्म्याच्या जुन्या रजिस्टरांचे पानोपानी फोटो काढून वर्षाप्रमाणे फोल्डर केले तर दाखला मागायला कोणी आलं की कपाट उपसावं लागत नाही, आणि ती पिवळी पडलेली पानं हाताळून हाताळून फाटणंही थांबतं. त्यासाठी स्क्रीनलॉक मात्र हवाच, घरातली पोरं गेम खेळायला टॅब घेतात आणि त्यात लोकांची माहिती असते, प्रार्थनेसाठी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी असतात.

शेवटचं, मंडळीच्या पैशातून घेत असाल तर कमिटीत ठराव करा, बिल मंडळीच्या नावाने घ्या, मालमत्तेच्या यादीत चढवा आणि गुगल अकाउंटही मंडळीच्या नावाचं वेगळं काढा. बदली झाली की आपल्या उपदेशांच्या फाइली आपण काढून न्यायच्या, टॅब आणि रजिस्टरांचे फोटो नवीन पाळकांच्या हातात द्यायचे.