पाटे वाढवायला गेलो अन् पाटे काढून आलो (नागपूर, कामठी रोडवरचा पाटेवाला)

आमचं काम मंडप, लाइटिंग, साउंडचं. लग्नसराईत झोपायला वेळ नाही अन् बाकी वर्ष माश्या मारा. गाडी बोलेरो कॅम्पर, डबल केबिनवाली, अन् तिच्या मागं दोन चाकी ट्रॉलीवर २५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर. हे सगळं आधीच सांगून राहिलो कारण ज्यांच्याकडं असाच जुगाड आहे त्यांच्यासाठीच हा रिव्ह्यू आहे, बाकीच्यांनी सोडून द्या.

त्रास काय होता, तर मागं केबलचे बंडल, स्पीकर अन् चार पोरं बसली की कॅम्परची मागची बाजू खाली बसायची. २०२३ च्या डिसेंबरात एका गॅरेजवाल्याकडं नेली (नाव नाही घेत, माणूस ओळखीचा आहे), त्यानं बघितलं न बघितल्यासारखं केलं अन् दोन्हीकडं दोन-दोन जाड पाटे (मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) वाढवून दिले. गाडी मागून मस्त उभी राहिली, आपण खुश. दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी घेऊन निघालो तर प्रत्येक स्पीडब्रेकरवर डोकं टपाला लागून राहिलं, बायको म्हणे यापेक्षा बैलगाडी बरी. तेही चालवून घेतलं असतं, पण ट्रॉली जी आधी साठच्या वर थोडी डुलायची ती आता पन्नासलाच शेपूट हलवायला लागली. म्हटलं नवीन पाटे आहेत, बसतील. पाटे बसले नाही, मीच वर्षभर सीटवर घट्ट बसून चालवत राहिलो.

शेवटी मागच्या डिसेंबरात कामठी रोडच्या डबल डेकर पुलावरून ऑटोमोटिव्ह चौकाकडं उतरताना ट्रॉली अशी झोकांड्या खायला लागली की आरशात कधी जनरेटर डावीकडं दिसे कधी उजवीकडं. पाय ब्रेकवर गेलाच होता पण वडिलांची जुनी शिकवण आठवली, ट्रॉली नाचली तर ब्रेक मारू नको, अॅक्सिलरेटर सोड अन् स्टेअरिंग सरळ धर. धरलं. हळूहळू शांत झाली. खाली उतरून चहा घेतला तर कपबशी वाजून राहिली होती हातात.

त्या टपरीवाल्यानंच हे दुकान सांगितलं. चौकातून कामठीकडं थोडं पुढं, आतल्या गल्लीत, बोर्ड नाही, बाहेर तुटलेल्या पाट्यांचा ढीग हीच खूण. मिस्त्री साठीच्या आसपासचे, सगळे चाचा म्हणतात, बोलणं अर्धं हिंदी अर्धं आपलं नागपुरी. मी रिकामी कॅम्पर घेऊन गेलो अन् म्हटलं चाचा अजून एक-एक पाटा टाका. ते खाली वाकले, मोबाईलच्या टॉर्चनं बघितलं, उठले अन् म्हणाले, "ट्रॉली कुठं आहे? ट्रॉली घेऊन या, माल भरून. रिकाम्या गाडीले काय बघू मी?" परत पाठवलं राजेहो. राग आला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सगळा लवाजमा घेऊन गेलो. आधी कळमन्याच्या धरमकाट्यावर नुसत्या ट्रॉलीचं वजन करून आणायला लावलं, १३४० किलो भरलं. मग जे केलं ते मी आजवर कुठल्याच गॅरेजात पाहिलं नव्हतं. शेजारच्या भंगारवाल्याचा तीनशे किलोचा प्लॅटफॉर्म काटा उचलून आणला, त्यावर लाकडी ठोकळे रचले, ट्रॉलीचं तोंड गाडीला जोडल्यावर जेवढ्या उंचीवर असते बरोबर तेवढ्याच उंचीवर त्या ठोकळ्यांवर टेकवलं अन् मला म्हणाले वाचा. पंचेचाळीस किलो. "तेराशे चाळीसच्या ट्रॉलीचं नाक पंचेचाळीस किलो? म्हणून नाचते ते. दहा टक्के तरी पाहिजे, पंधराच्या वर नको." म्हणजे १३४ च्या खाली जायचं नाही अन् २०० च्या वर चढायचं नाही. मी ३ टक्क्यांवर लग्नं लावत फिरत होतो.

मग पाट्यांचा संबंध समजावला, खडूनं फरशीवर चित्र काढून. जाड पाट्यांमुळं गाडीची मागची बाजू वर गेली, त्याबरोबर हुक वर गेला, हुकाबरोबर ट्रॉलीचं नाक वर गेलं, अन् नाक वर झालं की जनरेटरचं वजन चाकांच्या मागं सरकते, म्हणजे आधीच हलकं असलेलं नाक आणखी हलकं. म्हणजे मी पैसे देऊन ट्रॉलीले नाच शिकवला होता. वरून जनरेटर बसवणाऱ्यानं तो ट्रॉलीवर मागं सरकवून बसवलेला, बहुतेक पुढं टूलबॉक्सले जागा राहावी म्हणून.

काम काय केलं ते सांगतो. जनरेटर चेनपुलीनं उचलून दहा इंच पुढं घेतला, नवीन भोकं पाडून पक्का बसवला. परत काट्यावर ठेवलं तर १४९, म्हणजे ११ टक्के. वाढवलेल्या पाट्यांतला एक-एक काढून टाकला, दुसऱ्याच्या जागी पातळ अन् लांब पाटा घातला. जुने मूळ पाटे चपटे झाले होते, तर फरशीवर खडूनं कमानीची रेघ मारली, ऐरणीवर थंडाच पाटा ठेवून हातोडा मारायचा, रेघेवर ठेवून बघायचा, परत मारायचा. पोऱ्या पाटा धरून, चाचा मारून राहिले, अन् रेघ अन् पाटा यात पोस्टकार्ड जाणार नाही एवढं जुळवलं. मी दीड तास नुसता तेच बघत होतो. पाट्यांच्या मधात ग्रेफाइट ग्रीस, सेंटर बोल्ट नवे, पाटे एक्सलले आवळून धरणारे यू-बोल्टही नवे, जुने परत लावायला साफ नकार.

हुकाचं वेगळंच. ट्रॉलीचं तोंड ज्या गोळ्यावर बसते त्या बॉलले कॅलिपर लावून जाडी दाखवली, ४८.९ मिमी. "पन्नासचा बॉल एकोणपन्नासच्या खाली गेला की भंगारात." ती जी सुरू करताना अन् थांबताना खडखड व्हायची ती हीच. नवा ५० मिमीचा बॉल अन् हुक तीन इंच खाली आणणारी प्लेट बसवली, चेसिसवर वेल्डिंग न करता १०.९ ग्रेडच्या मजबूत बोल्टांनी. आता ट्रॉलीच्या फ्रेमवर पाण्याची लेव्हल ठेवली तर बुडबुडा मधात. सेफ्टी चेनही दोन लावल्या, तोंडाखालून एकमेकींले क्रॉस, म्हणजे तोंड सुटलं तरी रस्त्यावर न आदळता चेनवर पडते.

शेवटी टेप घेऊन पुढच्या अन् मागच्या चाकाच्या कमानीची उंची, ट्रॉली जोडायच्या आधी अन् नंतर. मागं सव्वा इंच बसली, पुढं पाव इंच उचलली. मी विचारलं पुढचं काऊन मोजून राहिले, तर म्हणाले हुकावर १४९ टांगले तरी मागच्या एक्सलवर दोनशेच्या वर पडते, कारण हुक एक्सलच्या मागं आहे, वरचं वजन पुढच्या चाकांवरून उचललं जाते. पुढचं जास्त उचललं तर स्टेअरिंग हलकं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात अन् ब्रेक अर्धे.

वायरिंग मात्र मनासारखं नाही झालं. चांगलं हे की इंडिकेटर दिला की टेललाइट मिचकायचा तो रोग गेला, कारण आधीच्यानं अर्थिंग (करंट परत जायची वाट) बॉलमधूनच घेतलं होतं, ग्रीस लागलं की करंट गायब. आता सात पिनच्या सॉकेटमधून अर्थिंगची पांढरी वायर तीन नंबरच्या पिनवर स्वतंत्र आहे. पण वायर चेसिसखालून अशी लोंबकळत सोडली की मलाच घरी येऊन क्लिपा मारायला लागल्या. हुकाच्या प्लेटले रंग पण एकच हात, पहिल्याच पावसात गंजणार.

तक्रारी अजून आहेत. एक दिवस म्हटलं, तीन लागले, त्यात एका ऑर्डरले भाड्याचा जनरेटर न्यावा लागला. बिल वहीच्या पानावर. ट्रॉलीले ब्रेक नाहीत ते काम ते करतच नाही, उलट मलाच झापलं, "तेराशे किलो ढकलत येते तुमच्या मागं, पन्नासच्या वर जाऊ नका." अन् आरटीओच्या कागदाचं तोंडातून निघालं नाही, ते तुम्हालाच बघावं लागते, गाडीत बदल केला तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं परवानगी लागते.

पैसे एकूण १४,८०० गेले, नवा बॉल, बोल्ट, चेना, पाटे सगळं धरून. आधीच्यानं नुसत्या पाट्यांचे साडेनऊ हजार घेतले होते.

परवा रामटेकची ऑर्डर होती. मनसरपर्यंत हायवेवर ट्रक बाजूनं गेले की आधी ट्रॉली ओढल्यासारखी व्हायची, या वेळी एक हलका धक्का अन् परत सरळ. पोरं मागच्या सीटवर झोपली होती, हे आमच्या गाडीत आजवर झालं नव्हतं. रिकामी गाडी अजून थोडी कडक लागते, पण डोकं टपाला लागत नाही.

जायचं असेल तर माल भरून, ट्रॉलीसकट, सकाळी दहाच्या आत जा, शुक्रवारी दुपारी दुकान बंद असते. ५०० किलोमीटरवर यू-बोल्ट परत कसायला बोलावलं आहे, त्याचे पैसे नाही घेत. माझे ४३० झाले.