दिवाळीत बसवलेला गो-कार्टचा क्लच, मे महिन्यात कसा आहे

क्लच चांगला आहे. ज्याने किट विकलं त्याच्याकडून मात्र पुन्हा काही घेणार नाही.

196 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, पाऊण इंची शाफ्ट, 10 दाती सेंट्रिफ्युगल क्लच, मागे 40 दाती स्प्रॉकेट आणि 145/70-6 टायर, असं सगळं किटमध्येच आलं. स्प्रॉकेट म्हणजे चेनचं दातेरी चाक. सेंट्रिफ्युगल क्लचमध्ये इंजिनचे फेरे वाढले की आतले शू (घासपट्ट्या) बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या ड्रमला धरतात. भावाची पोरं मळ्यात आणि पाणंदीत चालवतात. थोड्याच दिवसांत ड्रम निळा पडला, जळका वास यायला लागला. चढाला इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर म्हणे घासणाऱ्या भागाला वॉरंटी नसते, नवीन क्लच घ्या. आहे तो क्लच टाकून नवा घ्यायला पैसे काय झाडाला लागतात?

मग कागद-पेन घेऊन बसलो. या क्लचला गाडीचा वेग कळत नाही, फक्त इंजिनचे मिनिटाचे फेरे कळतात. दोन हजारांच्या आसपास शू ड्रमला टेकायला लागतात, घट्ट धरायला साधारण 2400 लागतात. 10 ला 40 म्हणजे 4 चं गुणोत्तर, इंजिनचे चार फेरे तेव्हा चाकाचा एक. या टायरवर 2400 फेऱ्यांना गाडी ताशी 40 किलोमीटरला पोचते. पाणंदीत 40 ने कोण जाणार? म्हणजे पोरं चालवत होती तितका वेळ क्लच घसरतच होता, आणि घसरण म्हणजे उष्णता. उद्यमनगरात 60 दाती स्प्रॉकेट करून घेतलं. आता क्लच ताशी 27 किलोमीटरच्या आसपासच घट्ट धरतो. 3600 फेऱ्यांना कमाल वेग साठावरून चाळिसावर आला, पोरांना तेवढा पुष्कळ आहे. वास गेला, चढ चढायला लागली. तोवर मी या क्लचला भंगार म्हणत होतो, ते मत तिथंच बदललं.

पण खरा राग बुशचा आहे, म्हणजे ड्रम शाफ्टवर ज्या नळीवर फिरतो तिचा. मार्चमध्ये गाडी रेस न देता पुढं सरकायला लागली, ब्रेक दाबला की इंजिन बंद. लहान पोरगं बसलेलं असताना हे धोक्याचं आहे. आयडल, म्हणजे रेस न देता इंजिनचे फेरे, 1400 पर्यंत उतरवलं, फरक नाही. क्लचच्या स्प्रिंगा बघितल्या, शाबूत. मग इंजिन बंद करून मागची चाकं उचलली आणि हाताने फिरवली. क्लच मोकळा असेल तर ड्रम एकटाच फिरायला हवा, इथं शाफ्टही सोबत फिरत होता. ड्रमच्या आतला ब्रॉन्झचा बुश कोरडा पडून शाफ्टला चिकटला होता! त्याला अधूनमधून इंजिन ऑइलचा थेंब लागतो. एक थेंब! तीन पानी माहितीपत्रकात स्टिकर कुठं लावायचा ते आहे, बुशला तेल द्या एवढं एक वाक्य नाही. जास्त तेल दिलं तर ते उडून शूवर जातं आणि क्लच पुन्हा घसरतो, म्हणून किती द्यायचं हेसुद्धा लिहायलाच हवं होतं. लेथवाल्या मिस्त्रींनी गनमेटलचा बुश करून दिला, आत तेलाची खाच पाडून. नव्या क्लचच्या पाव किमतीत काम झालं.

चेनबद्दल थोडक्यात. किटची चेन 420 मापाची आहे. गॅरेजवाले 428 ची मोटरसायकलची चेन सुचवतात, कारण दोन्हींचा पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, 12.7 मिमी. पण 428 चा रोलर जाड असतो, दातांच्या खाचेत नीट बसत नाही. स्वस्त पडते म्हणून घेऊ नका.

चिखलात किंवा कायम चढावर चालवणार असाल तर पट्ट्याचा टॉर्क कन्व्हर्टर बघा, त्यात गुणोत्तर आपोआप बदलतं. तो बराच महाग आहे. सपाट मळ्यासाठी मला हाच क्लच पुरतो. तेलाची कुपी गाडीलाच बांधून ठेवली आहे.